कानबाईच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांसाठी आणि चित्रफितींसाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

प्रश्न – अमळनेरकर
अमळनेर आणि पारोळा तालुक्यांतील वयस्कर बायकांकडून कानबाई या खानदेशातील देवीची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या आम्ही मोबाइलवर मुद्रित करीत आलो आहोत. गावांच्या नावाने फोल्डर केलेले आहेत, तरीही तासाभराच्या फाइलमध्ये हवी ती ओवी शोधायची झाली की दर वेळी सुरुवातीपासून ऐकावे लागते. साध्या लॅपटॉपवर चालणारे, शक्यतो मोफत असे काही सुचवावे.

उत्तर – तापीकाठ
फोल्डरांची कितीही फेरमांडणी केली तरी हा प्रश्न सुटणार नाही, कारण अडचण फाइल सापडण्याची नसून फाइलच्या पोटातली जागा सापडण्याची आहे. नुसत्या आवाजासाठी ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे: विंडोजवर ऐकता ऐकता कंट्रोल आणि एम दाबले की त्या क्षणावर लेबल पडते, तिथे ओवीचा पहिला चरण लिहावा, ही लेबले वेळेसह साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून घेता येतात.

चित्रफितींसाठी मात्र मी ईलान सुचवेन. नेदरलँड्समधील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेने तयार केलेले हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, आणि त्यात एकाच मुद्रणाखाली अनेक स्तर, म्हणजे ‘टियर’, ठेवता येतात: एकात अहिराणी शब्द, दुसऱ्यात मराठी अर्थ, तिसऱ्यात गाणारीचे नाव. पुढे ‘रोट’ (कानबाईचा नैवेद्य) हा शब्द सर्व फाइलींत एकदम शोधून थेट त्या क्षणावर जाता येते. ईलानची फाइल चित्रफीत स्वतःत साठवीत नाही, फक्त तिचा पत्ता ठेवते. म्हणून नोंदी सुरू करण्यापूर्वीच फाइलींची नावे आणि जागा कायम कराव्यात. शिकायला ते किचकट आहे, हे मान्य करावेच लागेल.

उत्तर – फैजपूरचा वाचक
वरील सल्ला योग्य आहे, पण मूळ मुद्रणच कच्चे असेल तर लेबले लावून काय साधणार? मोबाइलवर वेव, म्हणजे आवाज काटछाट न करता साठवणारे स्वरूप, निवडता येत असेल तर तेच निवडावे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका चॅनेलची वेव फाइल तासाला सुमारे ३१८ एमबी जागा घेते, तर १२८ केबीपीएसची एमपी३ फाइल सुमारे ५८ एमबी. जागेचा मोह होतो खरा, परंतु एमपी३ करताना वगळला गेलेला आवाज परत मिळत नाही. व्हॉट्सॲपवरून पाठवायचेच असेल तर फाइल जशीच्या तशी जावी म्हणून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. आणि कृपया पंखा बंद करावा.

प्रश्न – अमळनेरकर
आभारी आहे. ईलानमध्ये देवनागरी थेट टंकता येते का, आणि फाइलींना नावे कशी द्यावीत?

उत्तर – तापीकाठ
येते, युनिकोड चालते. नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि गाव या क्रमाने लिहावे, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. फाइलींच्या नावांत रोमन अक्षरेच वापरावीत. काही जुन्या प्रणालींत देवनागरी नावे बिघडतात.