आकाशवाणी-दूरदर्शनला हिशेब मागताना: मराठवाड्यातल्या श्रोत्यांचा अनुभव धागा

सेलूहून, धागा सुरू करताना

आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती महामंडळाचा कायदा 1990 चा. तो लागू झाला 15 सप्टेंबर 1997 ला आणि महामंडळ उभं राहिलं 23 नोव्हेंबर 1997 ला. सार्वजनिक महत्त्वाच्या गोष्टींची मोकळी, खरी आणि निःपक्ष माहिती मिळण्याचा नागरिकाचा हक्क जपायचा, हे कलम 12 मध्ये लिहिलेलं आहे. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच सांगितलं. भाषणात हे सगळं छान वाटतं. पण स्थानिक कार्यक्रम गुपचूप बंद होऊन तिथं मुंबईचं सहक्षेपण (दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम तसाच पुढं लावणं) सुरू झालं, किंवा बातमीपत्रात निव्वळ उद्घाटनं उरली, तर गावातल्या चार-दोन श्रोत्यांनी नेमकं करायचं काय? ज्यांनी गटानं पाठपुरावा केलाय त्यांनी लिहा. आत्मचरित्र नको. कशानं काम होतं आणि कुठं अडतं, तेवढंच.

परभणी

पहिली गोष्ट वही. नोंद नसेल तर केंद्रप्रमुख चहा पाजतात आणि "तुमच्या भावना वर कळवू" म्हणतात.

वहीत आठ रकाने करा: तारीख, वेळ, जाहीर केलेला कार्यक्रम, प्रत्यक्ष लागलेला कार्यक्रम, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, स्थानिक की सहक्षेपण, खंड किती मिनिटं. एका सभेला दोन माणसं, दोन वेगळ्या गावांतली. (सभा म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे प्रसारणाचे भाग.) एकट्याची नोंद "तुमचा सेट खराब असेल" या एका वाक्यात निकालात निघते.

ऐकायचं ते सेटवर, मोबाइलच्या ॲपवर नाही. ॲपवरचा आवाज काही सेकंद मागे असतो, त्यामुळे वेळा चुकतात. त्याहून मोठी अडचण अशी की ट्रान्समीटर बंद असला तरी ॲपवर केंद्र चालूच दिसू शकतं. म्हणजे नेमका जो बिघाड पकडायचा तोच निसटतो. ॲप शेजारी ठेवा, पण फक्त ताडून बघायला.

मध्यम लहरीवर, म्हणजे परभणीच्या 1305 किलोहर्ट्झवर, खरखर आली की लगेच केंद्राला दोष देऊ नका. स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, मोटारीचा स्टार्टर हे सगळे त्या पट्ट्यात गोंगाट करतात. सेट पेनसेलवर चालवा, मेन स्विच पाडून दोन मिनिटं ऐका. मग सेट हळूहळू आडवा फिरवा. आतली फेराइटची कांडी केंद्राच्या दिशेला काटकोनात आली की आवाज सगळ्यात भरतो. तरीही खरखर राहिली तरच "ग्रहण खराब" लिहा, 1 ते 5 असा अंक देऊन. ग्रहण आणि कार्यक्रम या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एक अभियांत्रिकी विभागाची, दुसरी कार्यक्रम विभागाची. दोन्ही एका अर्जात घातल्या की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

नोंद सलग 28 दिवस तरी हवी. राष्ट्रीय दुखवटा, क्रिकेटचं समालोचन, 15 ऑगस्ट असलेले दिवस वेगळ्या रंगात लिहा. त्या दिवशी वेळापत्रक मोडणं रास्त असतं, आणि तेच दिवस हिशेबात धरले तर तुमची अख्खी वही खोटी ठरवतात.

भोकरदन, जि. जालना

माहिती अधिकाराबद्दल लिहितो, कारण निम्मे अर्ज इथंच मरतात.

आकाशवाणीचं केंद्र आपल्या जिल्ह्यात असलं तरी प्रसार भारती हे केंद्र सरकारचं प्राधिकरण आहे. तहसील कार्यालयात चालतं ते इथं चालत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून अर्ज पाठवला की तो परत येतो. केंद्र सरकारच्या नियमांत फी रोख, डिमांड ड्राफ्ट, बँकर्स चेक, भारतीय पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन. पोस्टल ऑर्डर लेखा अधिकाऱ्याच्या नावे काढायची, नाव कोरं सोडायचं नाही. तालुक्याच्या पोस्टात दहाची ऑर्डर पुष्कळदा शिल्लकच नसते, म्हणून केंद्र सरकारचं ऑनलाइन पोर्टल सोपं. तिथं चौकटीत 3000 अक्षरं बसतात, जास्त असेल तर पीडीएफ जोडा. राज्याची दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची अट इथं नाही. केंद्र सरकारची मर्यादा 500 शब्द आहे. प्रती पानाला 2 रुपये. अभिलेख पाहायला पहिला तास फुकट, पुढं तासाला 5 रुपये.

"का" विचारू नका. "स्थानिक कार्यक्रम का बंद केला?" याला "अशी माहिती अभिलेखात नाही" एवढंच उत्तर येतं, आणि ते कायद्यानं बरोबर असतं. कागद मागा. अमुक तारखेपासून लागू असलेला फिक्स्ड पॉइंट चार्ट (कार्यक्रमांचं ठरलेलं वेळापत्रक), त्याआधीचा चार्ट, बदलाचा आदेश. अमुक सात दिवसांच्या क्यूशीट (त्या-त्या दिवशीच्या कार्यक्रमांची क्रमवार यादी). त्याच सात दिवसांचे ड्यूटी ऑफिसरचे प्रसारण अहवाल, आणि खंड पडल्याच्या नोंदी. मंजूर पदं किती, भरलेली किती. कार्यक्रम सल्लागार समिती शेवटची कधी नेमली आणि तिची इतिवृत्तं. वही आणि क्यूशीट शेजारी ठेवल्या की बोलायला काही उरत नाही. मात्र हे सगळं महिन्याच्या आत मागा. रोजचे कागद आणि ध्वनिमुद्रणं कायम ठेवत नाहीत.

उत्तराला 30 दिवस. पहिलं अपील त्यानंतर 30 दिवसांत, फी नाही. दुसरं 90 दिवसांत, आणि ते दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे. संभाजीनगरचं खंडपीठ राज्य आयोगाचं आहे. तिथं टाकलं तर काही महिन्यांनी "अधिकारकक्षा नाही" असं पत्र येतं आणि तोवर नव्वद दिवस उलटलेले असतात.

वसमत

सरकारनं अमुक दाखवा किंवा दाखवू नका असा आदेश दिला का, हे विचारता येतं का?

भोकरदन, जि. जालना

येतं. प्रसार भारती कायद्याच्या कलम 23 खाली सरकार तसा निर्देश देऊ शकतं. कार्यक्रम निर्देशावरून लावलाय असं महामंडळ प्रसारणात सांगू शकतं, आणि निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढं ठेवावी लागते. म्हणून "गोपनीय" हे उत्तर टिकू नये. अर्ज थेट दिल्लीच्या मुख्यालयाला करा. स्थानिक केंद्राकडे केला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत वर पाठवायला हवा, पण हवा आणि होतं यात फरक आहे. बहुतेक वेळा उत्तर "निरंक" येईल. त्याचा अर्थ दबाव नाही असा नव्हे. फोनवरच्या सूचनेचा कागद नसतो. तरी ते "निरंक" जपून ठेवा.

छत्रपती संभाजीनगर

बातमीपत्र एकतर्फी आहे हे नुसतं म्हणून भागत नाही, मोजावं लागतं. आपल्या प्रादेशिक वृत्त विभागाच्या सकाळी 7.10 आणि संध्याकाळी 6.10 च्या बातमीपत्रांची संहिता लेखी स्वरूपात उपलब्ध असते, ती घ्या.

मोजताना बातम्यांची संख्या धरू नका, ओळी धरा. चार ओळींची विरोधकांची बातमी आणि चाळीस ओळींचा मंत्र्यांचा दौरा, दोन्ही "एक" ठरतात आणि सगळं समतोल दिसतं. दुसरी चूक म्हणजे एकच रकाना ठेवणं. पीकविम्याच्या मुदतीबद्दलचं जिल्हाधिकाऱ्यांचं निवेदन सरकारी आहे, पण शेतकऱ्याच्या कामाचंही आहे. म्हणून दोन रकाने: विषय कोणता, आणि बोलतंय कोण. दुसऱ्या रकान्यात मंत्री-सत्ताधारी, प्रशासन, विरोधी पक्ष, तज्ज्ञ, सामान्य नागरिक. खरं चित्र याच रकान्यात दिसतं. पाणीटंचाईची बातमी असते, पण टँकरची वाट बघणारी बाई त्यात बोलते का?

दोघांनी स्वतंत्र मोजायचं. दहात आठ ठिकाणी जुळलं नाही तर व्याख्या नीट नाहीत. आधी त्या दुरुस्त करा. आचारसंहितेचा काळ वेगळा काढा. निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर फुकट वेळ मिळण्याची योजना 1998 पासून आहे, तो वेळ बातम्यांच्या हिशेबात धरू नका.

किनवट

गोरमाटी, गोंडी, कोलामी, तेलुगू बोलणारी माणसं इकडं शेजारी-शेजारी आहेत. वेगवेगळ्या भाषा आणि संस्कृतींना जागा देणं हेही कायद्यात आहे. "आमच्या भाषेत कार्यक्रम द्या" असा मोघम अर्ज वाया जातो. आठवड्यातली वेळ, मिनिटं, विषय, बोलू शकणारी चार माणसं, एवढं लिहून द्या. आणि डोंगरामागं एफएम येत नाही ती तक्रार वेगळी. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, कार्यक्रम अधिकारी त्याला काय करणार?

अंबाजोगाई

कुठल्या दारात जायचं, यावर.

दूरदर्शनबद्दलची तक्रार वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे करू नका, ती खासगी वाहिन्यांची. प्रेस कौन्सिल छापील वृत्तपत्रांची. जिल्हाधिकाऱ्यांकडची केबल समिती खासगी आणि स्थानिक केबलसाठी. केबलवाला दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या दाखवत नसेल तर मात्र जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी हेच बरोबर दार. 1995 च्या केबल कायद्याचं कलम 8 लिहा.

कार्यक्रमांच्या तक्रारींसाठी खुद्द प्रसार भारती कायद्यात प्रसारण परिषद आहे, कलम 14 आणि 15. शिवाय कलम 13 मध्ये 22 खासदारांची समिती, 15 लोकसभेचे आणि 7 राज्यसभेचे. दोन्ही कागदावरच राहिल्या. म्हणून उरतं ते केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर नोंद करणं. तिथं "संबंधितांना कळवले" म्हणून तक्रार बंद झाली तर अपिलाचं बटण दाबा, नवी तक्रार टाकू नका. नव्या क्रमांकानं जुना इतिहास पुसला जातो.

औसा

गट कसा बांधायचा ते कुणीच लिहिलं नाही. बारा माणसं पुष्कळ. नोंदणी, पावतीबुक, अध्यक्ष, काही नको. दोन नियम मात्र कडक ठेवा. पक्षाचा पदाधिकारी ऐकू शकतो, मोजू शकतो, पण निवेदनावर सही करू शकत नाही. आणि कॅज्युअल उद्घोषक व अंशकालीन वार्ताहर यांना सहीला बोलवायचंच नाही. त्यांचं पुढचं बुकिंग केंद्राच्या हातात असतं. माहिती अर्जातही त्यांची नावं मागू नका, आकडे मागा.

केंद्रप्रमुखांकडे जाताना एकच पान न्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. त्यांच्या हातातलं तेवढंच मागा: विषय, पाहुणे, फोन-इन, पत्रोत्तर. शेतीच्या कार्यक्रमात वक्ते तेच ते येत असतील तर वर्षभराची यादी पुढं ठेवा. परभणीचं कृषी विद्यापीठ हाताशी आहे हे चांगलंच, पण सोयाबीनचं बी उगवलं नाही तेव्हा बियाणं विकत घेणाऱ्याचंही ऐकवा म्हणावं. सहक्षेपणाचे तास, भरती, ट्रान्समीटर बंद करणं हे वरचे निर्णय. ते इथं मागितले तर तेही सुटतात आणि आपणही दमतो.

उमरगा

वरच्या निर्णयांसाठी खासदार. मराठवाड्यात लोकसभेचे आठ मतदारसंघ, म्हणजे आठ प्रश्न. अधिवेशनाच्या प्रश्नाला पंधरा दिवसांची सूचना लागते, म्हणून मसुदा महिनाभर आधी द्या, दीडशे शब्दांच्या आत, स्वीय सहायकाच्या हातात छापील आणि फोनवर सॉफ्ट कॉपी. रोजच्या कार्यक्रमांवरचा प्रश्न स्वायत्त संस्थेचा कारभार म्हणून सहसा नाकारला जातो. पैसा, पदं आणि कायद्यातल्या मंडळांवर विचारा. जानेवारी 2023 मध्ये 2,539.61 कोटींची बाइंड योजना (आकाशवाणी-दूरदर्शनची यंत्रणा सुधारण्याची) मंजूर झाली, 2025-26 पर्यंतची. त्यातून मराठवाड्यातल्या कुठल्या केंद्रावर काय बसवलं आणि किती खर्च झाला, एवढा एक प्रश्न पुरेसा आहे. लेखी उत्तर आलं की त्याची प्रत काढा आणि यंत्र खरंच चालू आहे का ते परभणीकरांच्या वहीत बघा.

परभणी

वहीची शेवटची दोन पानं कोरी ठेवा. केंद्रातून तोंडी मिळालेलं उत्तर, कोणत्या पदाच्या माणसानं आणि कधी दिलं, ते तिथं.