रायफलची नळी दर सरावानंतर घासायची का? (सोलापूरच्या नेमबाजांची चर्चा, बोलणारा आपल्या भागाच्या नावाने)

विजापूर वेस:
.22 ची, म्हणजे छोट्या काडतुसाच्या रायफलची, नळी गोळ्यांनी फारशी झिजत नाही, ती साफ करायच्या गजाने झिजते. शिशाची गोळी मऊ, वेग सेकंदाला साधारण 330 मीटर, तिने पोलादाचं काय बिघडणार? तरी सराव संपला की तोंडाकडून गज खुपसून ब्राँझचा ब्रश मागेपुढे हाणायची पद्धत आहे. ती बंद व्हायला हवी. नळीच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, ही गोळी नळीला शेवटची टेकते ती जागा. ती एका अंगाने झिजली की वायू त्या अंगाने आधी सुटतो, गोळीचा तोल जातो आणि ग्रुप, म्हणजे निशाणावर गोळ्यांचा पडणारा झुपका, फाटतो. मग दोष काडतुसांना. सांधे असलेला अ‍ॅल्युमिनियमचा गज तर नकोच. तो वाकतो, सांधे नळीतल्या वळणदार खाचांवर घासतात, आणि मऊ धातूत आपल्याकडची धूळ रुतली की गजाची कानस होते.
माझं मत: ग्रुप उघडेपर्यंत नळीला हात लावू नका. चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) मागची कड आणि ती बंद करणाऱ्या बोल्टचं तोंड पुसा, पुरे. लख्ख केलेली नळी पुन्हा स्थिर व्हायला 10-20 गोळ्या खाते, कारण गोळीवरच्या मेणाचा थर परत बसावा लागतो.

भवानी पेठ:
गजाचं सगळं मान्य, निष्कर्ष मान्य नाही. ग्रुप उघडल्यावर जागं व्हायचं म्हणजे उशीर झाला. चेंबर संपून खाचा सुरू होतात तिथे काजळीचं कडं धरतं. .22 च्या बऱ्याच प्रायमरमध्ये (काडतूस पेटवणाऱ्या मिश्रणात) काचेची भुकटी असते, तीही तिथे खालच्या अंगाला साचते. हे कडं ताजं असताना ओल्या चिंदीने निघतं. वाळून कडक झालं की घासावंच लागतं, म्हणजे तुम्हाला जे टाळायचंय तेच.
दर सरावानंतर एवढंच करा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा, बोल्ट बाहेर, काडतुसं दुसऱ्या खोलीत. नळीचं तोंड किंचित खाली ठेवा, नाहीतर सॉल्व्हंट (मळ सुटवणारं द्रव) ट्रिगरमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात उतरतं. मागून रॉड गाइड (गज मधोमध ठेवणारी नळी) बसवा. अखंड, लेप दिलेला गज घ्या, मूठ फिरणारी हवी, म्हणजे चिंदी खाचांबरोबर वळते. इंचभर चौकोनी चिंदी सॉल्व्हंटमध्ये भिजवून एकाच दिशेने ढकला. तोंडाबाहेर पडली की तिथेच काढून टाका, मागे ओढू नका, त्या चिंदीवर ती काच आहे. पाच मिनिटं थांबा, आणखी एक ओली, मग कोरड्या दोन-तीन. ब्रश लागलाच तर फक्त चेंबरपुढच्या दोन-तीन इंचांत, तोही नायलॉनचा.

अक्कलकोट रोड:
काय बोलालाव मालक, दोघंही .22 च्या पुढे जाईनात. .315 सारखी मोठ्या काडतुसाची रायफल असलेल्याने "ग्रुप उघडेपर्यंत" ऐकलं तर नळी गेली. प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असेल तर बार झाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. ते मिठासारखं हवेतलं पाणी ओढतं. तेलात ते विरघळत नाही, रॉकेलमध्येही नाही. वरून तेल फिरवलं की मीठ तेलाखाली सुखरूप राहतं आणि पावसाळ्यात नळीला खड्डे पडतात. खात्री नसेल तर काडतूस असलंच आहे असं धरा. बोल्ट काढून, तोंड खाली करून, चेंबरमधून फनेलने अर्धा ते एक लिटर उकळतं पाणी सोडा. लाकडात जाऊ देऊ नका. नळी तापते, बरीचशी आपोआप सुकते. मग कोरड्या चिंद्या, मग तेल. दोन दिवसांनी पुन्हा चिंदी घाला. तांबूस निघाली तर परत पाणी.

विजापूर वेस:
.315 बाबत माघार, माझं बोलणं .22 पुरतंच होतं. पण गोळीच्या वेष्टनाचं नळीत बसलेलं तांबं काढायला अमोनियाचं सॉल्व्हंट वापरणाऱ्यांनी ब्राँझचा ब्रश आणि पितळी जॅग (गजाच्या टोकाचा चिंदी धरणारा तुकडा) बाजूला ठेवावा. अमोनिया त्यांनाही खातो, चिंदी निळी येतच राहते आणि माणूस स्वच्छ नळी तासभर घासत बसतो. .22 मध्ये तर ते बहुधा निरुपयोगीच, शिसं अमोनियाने निघत नाही.
आणि चिंद्या. इथे टॉवेलच्या कारखान्यांतले तुकडे फुकट मिळतात म्हणून तेच वापरतात. टेरीचे फासे नळीत सुटतात आणि जाडी सारखी नसल्याने गज अडकतो. फ्लॅनेल किंवा धुऊन मऊ झालेलं सुती धोतर घ्या. एनसीसीची 4 बाय 2 इंची चिंदी पुलथ्रूच्या (चिंदी लावून नळीतून ओढायच्या दोरीच्या) फाशासाठी असते, .22 च्या जॅगवर ती बसत नाही. पुलथ्रू वापरायचाच तर दोरी नळीच्या रेषेत सरळ ओढा. तिरकी ओढली की क्राउनवर खाच पडते.

जुळे सोलापूर:
एक गोष्ट राहिली. आचारसंहिता लागली की बऱ्याचदा रायफल ठाण्यात जमा, आणि ती आठवडेच्या आठवडे तिथेच. त्या वेळी .22 सुद्धा साफ करूनच द्यायला हवी, "हात लावू नका" हा नियम तिथे मोडतो. तेलाने ओली चिंदी नळीतून दोनदा फिरवा, चेंबरलाही. शिलाई मशीनचं पातळ तेल इतके दिवस टिकत नाही, गंजरोधक तेल घ्या. चामड्याच्या म्यानात देऊ नका, चामडं ओल धरतं. तोंडाला बूच लावू नका. आत दमट हवा कोंडते आणि विसरून बार केला तर नळी फुगते. ट्रिगर गार्डला चिठ्ठी बांधा: "नळीत तेल आहे". परत आल्यावर कोरड्या चिंद्या डाग न येईपर्यंत.

भवानी पेठ:
आणि चेंबरही कोरडं करा. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाची पुंगळी भिंतीला धरत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो. .315 मध्ये हे जास्त महत्त्वाचं. काजळीच्या कड्याबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.