रग्बी थांबलं, आता बांधकामात यायचंय. सुरुवात कुठून करू? (सांगली-मिरज)

विंग_मिरज
नमस्कार मंडळी. वय ३१. रग्बी सेव्हन्स करारावर खेळत होतो. उजवा खांदा दोनदा निखळला, त्यामुळे ते आता बंद. बारावी सायन्स झालंय. मामा सांगलीत लेबर रेटवर (माल मालकाचा, मजुरी आपली) घरं बांधतात, ते म्हणतात थेट ये आणि सेंटरिंगचं (काँक्रीट ओतायच्या साच्याचं आणि टेकूंचं) सामान घे, भाड्याने चांगलं जातं. गाठीला थोडे पैसे आहेत. सामान घ्यावं, डिप्लोमा करावा की साइटवर कुणाच्या हाताखाली राहावं? अंगमेहनतीची भीती नाही, पण खांद्याचं काय?

ओळंबा_सांगली
सामान आत्ता अजिबात घेऊ नका. मामांना राग येईल, येऊ दे. साच्याच्या लोखंडी प्लेटा, जॅक (उभे टेकू), स्पॅन (आडवे आधार) घेतले की ते ठेवायला जागा, वाहतूक आणि हरवलेल्याची भरपाई आली. शिवाय प्लेटा वाकल्या की त्यांच्या सांध्यातून सिमेंटचं पाणी गळतं, बीमच्या बुडाला खडी उघडी पडते आणि मालक तुमचं बिल अडवतो. कुठलं सामान किती दिवस अडकतं हे कळल्याशिवाय भाड्याचा धंदा तोट्यातच जातो.

पहिलं वर्ष सळईच्या मेस्त्रीबरोबर काढा. साइटवर ताकद भरपूर मिळते, माप घेणारा माणूस मिळत नाही. सळईचं मीटरला वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२. ८ मिमीला ०.३९५ किलो, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८८, १६ ला १.५८. हे पाठच पाहिजे.

२० बाय १० फुटांच्या खोलीचा स्लॅब घ्या. मुख्य सळई आखूड बाजूने, १० मिमी, १५० मिमीवर. २० फूट म्हणजे ६१०० मिमी, भागिले १५०, म्हणजे सळयांमधली ४१ अंतरं आणि ४२ सळया. भिंतीवरचा टेका धरून एकेक ३.४ मीटर, एकूण १४३ मीटर, म्हणजे ८८ किलो. सळई बांधणारे वजनावर पैसे घेतात. त्यांनी याच सळईचे ११० किलो सांगितले तर कागद पुढे करून विचारता आलं पाहिजे. हाच स्लॅब ५ इंची असेल तर काँक्रीट ८३ घनफूट, म्हणजे २.३६ घनमीटर. एम-२० (काँक्रीटची प्रत) ला घनमीटरला ८ बॅगा धरल्या तर १९ बॅगा सिमेंट. बीम वेगळे.

कराड_सिव्हिल
डिप्लोमा करा. बारावी सायन्सवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मिरजेचं आणि कराडचं शासकीय तंत्रनिकेतन, दोन्हीकडचं सिव्हिल बघा. डिप्लोमा हातात असला की शासकीय भरतीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचाही विचार करता येतो. फक्त तुमची स्पर्धा आणि तिची पातळी जीआरच्या यादीत बसते का ते आधी बघून घ्या. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून लागते आणि तिला वेळ लागतो.

खांद्याबद्दल स्पष्ट सांगतो. सिलिंगचं प्लॅस्टर, खालून प्लेटा लावणं, कप्पीवर घमेली ओढणं ही कामं हात डोक्यावर नेऊन करायची. निखळलेला खांदा नेमका त्याच अवस्थेत सुटतो. परांचीवर उभं असताना सुटला तर माणूस खाली येतो. ५० किलोची बॅग त्याच खांद्यावर घेऊ नका. ऑटो लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) लावणं, लाइनआउट (जमिनीवर नकाशाची आखणी), बिलाची मापं ही कामं घ्या. रग्बीत डोक्याला मार लागून चक्कर येण्याचा इतिहास असेल तर तोही लपवू नका. मोठ्या साइटवर उंचीच्या कामाला हाइट पास लागतो, त्यात चक्कर तपासतात. लपवून मिळवलेला पास काय कामाचा?

विंग_मिरज
धन्यवाद सर. सामानाचा विषय बंद. पुढच्या आठवड्यात मामांच्या साइटवर स्लॅब आहे. आदल्या दिवशी मी नेमकं काय तपासू?

ओळंबा_सांगली
आधी छज्जा आणि बाल्कनी. बाकीच्या स्लॅबला गाळ्याच्या (दोन टेक्यांमधल्या भागाच्या) मध्यात मुख्य सळई खाली असते, छज्जाला ती वर असते. काँक्रीट टाकताना बिगारी त्यावरून चालतात, जाळी दबून तळाला जाते आणि प्लेटा काढल्या की छज्जा मुळाशी चिरतो. म्हणून मीटर-मीटरवर चेअर (वरची जाळी उचलून धरणारी सळईची घोडी) बांधलेली हवी आणि चालायला वेगळ्या फळ्या. काढतानाही टेकू टोकाकडून भिंतीकडे काढत यायचं, उलट नाही.

मग कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर. स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. कव्हर ब्लॉक सिमेंटचे किंवा पीव्हीसीचे. खडीचा तुकडा सरकवलेला दिसला तर काढायला लावा. टेकू थेट मातीवर नकोत, खाली फळी हवी. रात्री पाऊस झाला तर माती बसते आणि स्लॅबला पोट येतं.

काँक्रीट भरताना मिक्सरपाशी उभे राहा, कारण स्लॅब तिथेच बिघडतो. बॅगेला २५ लिटर पाणी, फार तर २७. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल सरकत नाही म्हणून गडी पाण्याचा पाइप उचलतो, तो हात धरायचा. व्हायब्रेटरची सुई उभी घालायची, बुडबुडे थांबले की हळू वर काढायची, सळईला टेकवायची नाही. त्याच मालाचे १५० मिमीचे तीन-तीन क्यूब ७ आणि २८ दिवसांनी ताकद तपासायला भरून ठेवा.

स्लॅबवर आळी करून पाणी किमान १० दिवस, कारण इथे बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंटच येतं. साध्या ओपीसीला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू ७ दिवस, त्यावर १४. बीमचे ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. पीपीसीला याहून जास्तच धरा. दुसऱ्या साइटला सामान हवंय म्हणून लवकर काढायची घाई होते. सामानाचा धंदा नको म्हणालो त्याचं हे आणखी एक कारण.

काळी_रान_पलूस
ओळंबादादांचं सळईबद्दलचं पटतं, पण नवा माणूस बुडतो तो करारात. लेबर रेट चौरस फुटावर ठरतो आणि जिना, लॉफ्ट, पॅरापेट, पाण्याची टाकी, किचन ओटा हे 'त्यातच आलं' असं मालक शेवटी म्हणतो. ५०० च्या स्टॅम्पवर एकेक लिहून घ्या. सेंटरिंग कुणाचं, मिक्सरचं डिझेल कुणाचं, क्युरिंगला माणूस कुणाचा, हेही. हप्ते जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लॅस्टर असे पाडा आणि स्लॅबचा हप्ता काँक्रीट भरायच्या दिवशीच घ्या. कंपनीचं काम असेल तर वैयक्तिक नावावर १ टक्का टीडीएस आणि बहुधा ५ टक्के अनामत कापतात, तेवढी रोकड हाताशी हवी. टोळीला उचल एकदम देऊ नका, हजेरीप्रमाणे वळती करा. वर्षात ९० दिवस काम भरलेल्या गड्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून द्या आणि अपघात भरपाईची पॉलिसी आधी काढा.

जमिनीचं म्हणाल तर कृष्णाकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात तीच माती परत भरली तर दोन पावसांत फरशी उचलते आणि दारं अडकतात. मुरूमच भरा, ६-६ इंचाचे थर, पाणी मारून धुमसाने ठोकून. आणि सांगलीत प्लॉट निळ्या-लाल पूररेषेत कुठे येतो ते नकाशावर बघितल्याशिवाय रेट सांगू नका. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. जोतं दोन फूट वाढलं तर भराव, कॉलमची उंची, पायऱ्या सगळं वाढतं आणि लेबर रेट तोच राहतो.