स्वादुपिंडाला सूज आणि हृदयाभोवती पाणी, दाजींना नेमकं काय झालंय?

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार मंडळी. माझे दाजी, वय 44, तासगावकडं द्राक्षबाग आहे. मागच्या रविवारी रात्री जेवण झालं आणि पोटात वरच्या बाजूला अशी कळ आली की माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला, आडवंच होता येईना, कळ पार पाठीपर्यंत. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले अटॅक दिसतोय, लगेच मिरजेला हलवा. तिथं परत ईसीजी, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, रक्त सगळं झालं आणि सांगितलं अटॅक वाटत नाही, रक्तात लायपेज (स्वादुपिंडाचा पाचक रस) लई वाढलंय, स्वादुपिंडाला सूज आहे, पित्ताशयात खडे आहेत. आमचा जीव भांड्यात पडला. पण काल पाचव्या दिवशी दम लागायला लागला, परत इको केला तर हृदयाभोवती थोडं पाणी निघालं, डाव्या छातीत पण आहे म्हणे. आता मला कळेना की दुखणं पोटाचं आणि पाणी हृदयाला कसं? पहिल्या रात्रीचा ईसीजी चुकीचा होता का? ताई सारखी विचारतीय, ह्यांचं हार्ट कायमचं गेलं का. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा मला काय विचारावं तेच सुचत नाही. कुणाला माहिती असेल तर लिहा.

आयसीयू_सिस्टर
दादा, आधी ताईंना धीर द्या. मी बरीच वर्षं आयसीयूत आहे. स्वादुपिंड सुजलं की त्यातले पाचक रस आणि सूज वाढवणारे घटक रक्तात उतरतात, मग दुखणं नुसतं पोटाचं राहत नाही. स्वादुपिंड छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या अगदी खाली असतं, त्यामुळं डाव्या छातीत पाणी होणं आम्ही नेहमी बघतो, हृदयाभोवती होणं त्या मानानं कमी. थोडं असेल तर बहुतेक वेळा सूज उतरली की आपोआप जिरतं.
एक मात्र विचारा, कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम किती आहे. स्वादुपिंडाभोवतीची चरबी जळते तेव्हा रक्तातलं कॅल्शियम तिला जाऊन चिकटतं, अक्षरशः साबण तयार झाल्यासारखं, आणि रक्तात कॅल्शियम कमी पडतं. मग मॉनिटरवर ठोके बिघडायला लागतात. आणि सलाईन रोज किती जातंय, लघवी किती होतीय ते वहीत लिहून ठेवा, कारण सलाईन जास्त झालं तरी दम लागतो. प्रत्येक वेळी पाण्यामुळंच लागतो असं नाही.

कराडचा_मुलगा
भावा, आमच्या वडिलांना हेच झालं होतं पण लई वाईट प्रकारात. त्यांचं दारूमुळं जुनं दुखणं, दोन-तीन वेळा ॲडमिट झालेले. एक दिवस बघतो तर मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या, बीपी खाली खाली चाललंय, हातपाय गार, आणि ते म्हणतायत मला उठून बसू दे. मी पळत जाऊन सिस्टरना बोलावलं. इकोत दिसलं हृदयाभोवती एवढं पाणी की हृदयाला पसरायलाच जागा नाही, ह्याला टॅम्पोनेड म्हणतात. इकोत बघत बघत सुई घातली, बारीक नळी सोडली, पिशवीत काळ्या चहासारखं पाणी यायला लागलं आणि मॉनिटरवरचं बीपी माझ्या डोळ्यादेखत वर चढलं. तो आकडा मी अजून विसरलो नाही. पाणी तपासलं तर अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचाच आणखी एक पाचक रस, प्रचंड, म्हणजे स्वादुपिंडातनंच वाट पडून रस वर छातीत गेला होता. हे फार क्वचित होतं असं सांगितलं आम्हाला. तुझ्या दाजींचं तसं वाटत नाही, पण मानेच्या शिरा आणि बीपीवर लक्ष ठेव, रात्री पण.

सातारा_फिजिशियन
वरच्या दोघांनी बरोबर लिहिलंय, मी ईसीजीचं सांगतो. तो चुकीचा काढला होता असं नव्हे. स्वादुपिंडाच्या सुजेत ईसीजी हुबेहूब अटॅकसारखा येऊ शकतो, खासकरून हृदयाच्या खालच्या भागाच्या पट्ट्यांमध्ये, आणि रक्तवाहिन्या मोकळ्या असल्या तरी येतो. कधी कधी ट्रोपोनिनसुद्धा (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) थोडं वाढतं. उलट खरा अटॅक नुसता पोटात दुखून येतो, त्यामुळं गावातल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता पाठवलं हे चांगलंच केलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन अशा पेशंटला विचार न करता दिलं तर सुजलेल्या स्वादुपिंडात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून शंका असेल तिथं इको आणि गरज पडली तर अँजिओग्राफी करूनच ठरवतात.
आणखी एक प्रकार, तीव्र वेदनेच्या ताणानं हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगतं आणि पंपिंग पडतं, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. तो बहुतेकांना काही आठवड्यांत भरून येतो. तेव्हा हार्ट कायमचं गेलं का, ह्याचं उत्तर आजच्या इकोतल्या पंपिंगच्या आकड्यावर बघा, पंपिंग चांगलं असेल आणि पाणी थोडंच असेल तर तसं मानायचं काही कारण नाही. बीपी किंवा किडनी 48 तासांपेक्षा जास्त बिघडलेली राहिली तर मात्र आजार गंभीर धरतात. घाबरून पुण्याला हलवायची घाई करू नका, पेशंट स्थिर नसताना प्रवास धोक्याचा. आणि खडे आहेत म्हटल्यावर पित्ताशय कधी काढणार ते डिस्चार्जच्या आधी विचारा, नाहीतर हे परत होऊ शकतं.

कृष्णाकाठ_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठीवर सगळं लिहून संध्याकाळच्या राउंडला विचारलं. पंपिंग 60 टक्के आहे, म्हणजे नॉर्मल, पाणी कालच्याएवढंच, कॅल्शियम 7.4 म्हणजे कमी होतं म्हणून शिरेतनं देतायत. सलाईन पण कमी केलंय. डॉक्टर स्वतःहून दहा मिनिटं थांबले. मानेच्या शिरा मी दर तासाला बघतोय, दाजी म्हणतायत सारखं काय गळ्याकडं बघतोस. ताई दोन दिवस नीट जेवली नाही, तिला खाली घेऊन जातो. उद्या सकाळी परत इको आहे, झाला की इथंच लिहितो.