मदत हवी आहे: चौघे जण, 3200 रुपये आणि एक इंडक्शन. रूमवरची दिवाळी कशी जमवावी?

तिसरामजला
परीक्षेच्या तारखा दिवाळीला दोन्ही बाजूंनी चिकटून आल्यात, त्यामुळे चौघेही पुण्यात रूमवरच. प्रत्येकी 800, म्हणजे एकूण 3200 रुपये. घरमालक गॅस ठेवू देत नाहीत. इंडक्शन एकच, 2000 वॉटचं. कढई एक, पातळ स्टीलची, बूड सपाट. गॅलरी आहे, दुपारी ऊन येतं. फराळ, कंदील, लक्ष्मीपूजन हे सगळं करायचं आहे, शिवाय डब्याच्या मावशी आणि वॉचमनकाका यांना काहीतरी द्यायचं आहे.
विकतच्या फराळाचे भाव पाहिले, सगळं त्यातच संपतंय. काय घरी करावं, काय विकत घ्यावं, कुठून घ्यावं?

मीठचवीपुरतं
घरी तीनच पदार्थ करा: चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे. चकलीच्या वाटेला जाऊ नका. भाजणी, सोऱ्या, मोहनाचा अंदाज, त्यात इंडक्शनवर तेलाचं तापमान सांभाळणं. एक घाणा मऊ आणि पुढचा दगड निघतो. चकली बचत गटाकडून अर्धा किलो घ्या. अनारसे, करंज्या यंदा विसरा.

किराणा असा: पातळ पोहे 500 ग्रॅम, शेंगदाणे आणि डाळं प्रत्येकी 150, सुकं खोबरं 100, बेसन 500, मैदा 1 किलो, साखर दीड किलो, तूप 500 ग्रॅम, तेल 1 लिटर, शिवाय मिरच्या, कढीपत्ता, वेलची. तुपात काटकसर करू नका. वनस्पती तुपाचे लाडू खाताना टाळूला चिकटतात, मग डबा तसाच पडून राहतो. पैसे वाचवायचे तर ते सुक्या मेव्यात वाचवा. लाडवाला बेदाणा-काजू नसला तरी काही अडत नाही.

तेलाची पिशवी घेताना निव्वळ वजन वाचा. 1 लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम. तशाच दिसणाऱ्या पिशव्या 750 किंवा 800 ग्रॅमच्याही असतात आणि सणात पुढे मांडलेल्या त्याच असतात.

बोहरीआळी
पैशांची वाटणी मी अशी करेन: किराणा 1100, चकली 300, कंदील वायरसकट 300, पणत्या-वाती-तेल 150, उटणं आणि साबण 150, पूजा-फुलं-रांगोळी 350. झाले 2350. उरले 850. त्यातले चारशे-चारशे पाकिटात घालून मावशींना आणि काकांना द्या. मिठाईच्या बॉक्सपेक्षा रोख बरी. मिठाईचा एकेक बॉक्स त्यांना आधीच चार घरांतून आलेला असतो.

एवढ्याशा किराण्यासाठी मार्केट यार्ड गाठू नका, वाचलेले पैसे रिक्षा खाते. कोपऱ्यावरच्या दुकानात सगळी यादी एकदम द्या आणि सुटं, तोलून मागा. कागद, दोरा, वायर, होल्डर यांसाठी मात्र रविवार पेठ आणि बोहरी आळीच. पणत्या कुंभारवाड्यातून, साध्या, न रंगवलेल्या. वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात, कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या आत जा. दिवाळीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी तुळशीबागेत शिरलात तर भाव करायला उसंत मिळणार नाही आणि दुकानदारालाही गरज नसेल.

कपडे यादीत दिसत नाहीत, ते बरं केलंत. दिवाळी उलटल्यावर घ्या.

फेजन्यूट्रल
इंडक्शनबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. स्वस्त इंडक्शनवर 300-400 वॉट लावलं तरी ते सलग 300 वॉट देत नाही. काही सेकंद जोरात चालतं, काही सेकंद बंद होतं. भाजी-आमटीला ते चालतं. पातळ स्टीलच्या कढईत बेसन मात्र त्या जोराच्या झटक्यात खालून करपतं आणि वर कच्चं राहतं. कढईखाली लोखंडी सपाट तवा ठेवा. तवा तापेल, कढई त्याच्यावर सावकाश तापेल. तव्याला चुंबक चिकटतो ना ते दुकानातच पाहा. ॲल्युमिनियमचा नॉनस्टिक तवा उपयोगाचा नाही. तळताना तवा काढून कढई थेट ठेवा.

आणि अभ्यंगस्नानाला पहाटे गीझर चालू असताना इंडक्शन लावू नका. जुन्या वायरिंगवर दोन्ही मिळून एमसीबी पडतो, मग अंधारात उटणं.

मीठचवीपुरतं
तव्याची युक्ती बरोबर आहे. आता लाडू. 500 ग्रॅम बेसनाला 225 ते 250 ग्रॅम तूप, 400 ग्रॅम पिठीसाखर. आधी निम्मंच तूप घाला, बाकीचं भाजताना दोन-तीनदा. सुरुवातीला पीठ कोरडं, गोळ्यागोळ्यांचं, उलथनं ओढवणार नाही असं लागतं. वीस-पंचवीस मिनिटांनी ते तूप सोडतं, सैल होतं, उलथनं हलकं फिरू लागतं आणि वास जिन्यापर्यंत जातो. तेव्हा दुधाचे दोन चमचे शिंपडा, फसफसेल, त्याने लाडू रवाळ होतो. मग उतरवा.
साखर घालायची ती कोमट झाल्यावर. गरमात घातली की साखर विरघळते आणि वळलेले लाडू ताटात बसतात, पेढ्यासारखे. तसं झालंच तर तासभर थांबून पुन्हा मळा आणि वळा, वाया काही जात नाही.

शंकरपाळ्यांना तूप, साखर, दूध एकेक वाटी. गरम करून साखर विरघळवा, कोमट होऊ द्या, मग मावेल तेवढा मैदा, साधारण साडेचार-पाच वाट्या. पहिले चारच तळून पाहा. तेलात पसरून विरघळायला लागले तर तूप जास्त झालंय, दोन मुठी मैदा मळून घाला. मंद आचेवर तळा. भराभर तळलेले बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात, दोन दिवसांत मऊ.

तिसरामजला
ताई, चिवडा निम्म्या पोह्यांचा करून पाहिला. पोहे आक्रसले, आणि रात्री डबा उघडला तर सगळं मऊ. मीठही तळाशी. काय चुकलं?

मीठचवीपुरतं
तीन वेगळ्या चुका आहेत. आक्रसले कारण कढई फार तापली होती. गॅलरीत ऊन आहे ना? पोहे चाळून कागदावर दोन-तीन तास वाळवा, मग तव्यावर ठेवलेल्या कढईत थोडे थोडे घेऊन नुसते कोमट भाजा. बोटात चुरडला की पीठ व्हावं, एवढंच.

मऊ पडले ते मिरची आणि कढीपत्त्यामुळे. त्यातलं पाणी पुरतं गेलं नव्हतं. आधी शेंगदाणे, मग खोबऱ्याचे काप तळून बाजूला काढा, मग मिरच्या. मिरचीचा एक तुकडा ताटलीत टाकून पाहा. टक असा आवाज आला पाहिजे. पानांचंही तेच, चुरली पाहिजेत. शिवाय गरम चिवडा डब्यात भरून झाकण लावलं असणार, वाफ आतच राहिली. परातीत पसरून पूर्ण गार करा.

मीठ तळाशी गेलं कारण ते शेवटी वरून भुरभुरवलं. मीठ आणि दोन चमचे साखर मिक्सरमधून बारीक करा, इंडक्शन बंद करून हळद-हिंगासोबत फोडणीतच घाला, मग डाळं, मग पोहे.
झालेला चिवडा फेकू नका. पसरून उन्हात ठेवा, परत कुरकुरीत होतो. आक्रसलेले तसेच राहतील, खाताना कळत नाही.

फेजन्यूट्रल
कंदिलाचं राहिलं. एक कार्डशीट घ्या, दुकानात साधारण 22 बाय 28 इंचाची मिळते. लांबीच्या दिशेने मधोमध घडी घाला, घडीच्या बाजूने एकेक इंचावर कापत या, पण उघड्या कडेला 2 इंच सोडा. उलगडून नळी करा. आत पिवळ्या घोटीव कागदाची नळी, तेवढ्याच घेराची पण 18 इंच उंच. दोन्ही नळ्यांच्या वरच्या आणि खालच्या कडा जुळवून खळीने चिकटवल्या की बाहेरच्या पट्ट्या आपोआप फुगतात. फेव्हिकॉलचा हात जड पडला तर घोटीव कागद सुरकुततो, म्हणून मैद्याची खळ. खाली झिरमिळ्या. वरच्या कडेला आतून पुठ्ठ्याची पट्टी लावा, नाहीतर दोऱ्याने कागद फाटतो.

बल्ब 3 ते 5 वॉटचा एलईडीच. जुना पिवळा बल्ब मिळाला तरी नको, त्याच्या उष्णतेने कागद आधी तपकिरी होतो आणि मग पेटतो. 5 वॉटचा बल्ब रोज 10 तास चालला तरी 20 दिवसांत एकच युनिट, हे घरमालकांना सांगायला ठेवा. होल्डरच्या टोपणाच्या आत वायरला गाठ मारा म्हणजे ओढ स्क्रूवर येत नाही. कंदील वायरवर लटकवू नका, वेगळ्या सुतळीवर टांगा. वायरला मध्ये जोड ठेवू नका, दिवाळीतही एखादी सर येते.

बोहरीआळी
पणत्या आणल्यावर चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवा, मग वाळवा. कोरडी पणती निम्मं तेल स्वतःच पिते.
पूजेला साळीच्या लाह्या 100 ग्रॅम, बत्तासे तेवढेच, धने-गूळ घरातलाच. केरसुणी घ्याच, पूजेलाही होते आणि त्या रूमला तिची गरज असणारच. झेंडू मंडईतून आदल्या संध्याकाळी अर्धा किलो सुटा घ्या आणि सुईदोऱ्याने तोरण स्वतः ओवा. ओवलेल्या माळेत मजुरी मोजावी लागते. फूल दाबून पाहा. ओलं लागलं तर कितीही स्वस्त देवोत, सकाळपर्यंत काळं पडतं.

तिसरामजला
चिवडा उन्हात ठेवलाय. शेवटचं एक: गॅलरीतल्या फरश्या पांढऱ्या आहेत, रांगोळी दिसतच नाही.

बोहरीआळी
गेरू. 50 ग्रॅम पाण्यात दाटसर कालवा आणि उरलेल्या पुठ्ठ्यावर कापडाच्या बोळ्याने दोन हात द्या. थेट फरशीवर लावू नका, सांध्यांत बसतो आणि मग अनामत रकमेतून घरमालक कापून घेतात. वाळल्यावर त्यावर पांढरी काढा, रंगांची पाकिटं दोनच पुरतात.