तरुण संघाचे छोटे गट करावेत का? आमच्या कमिटीत दोन तट पडलेत

नगरचा_पोरगा (धागाकर्ता)
सलाम मंडळी. पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाचा सेक्रेटरी आहे, म्हणजे खुर्च्या लावतो. रविवारी संध्याकाळी साधारण 40 जण येतात. गाणी, प्रार्थना, पाळकसाहेबांचा संदेश, चहा, घरी. नाताळच्या नाटकाला 60 होतात, फेब्रुवारीत 25.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाची नोकरी गेली. तो तीन महिने आला नाही आणि आम्हाला पत्ता लागला तो त्याने गाशा गुंडाळून गाव गाठल्यावर. त्याच तीन महिन्यांत आम्ही गलतीकरांस पत्रावर बायबल क्विझ घेतली होती. 'एकमेकांची ओझी वाहा' कुठे आहे? 6:2. सगळ्यांना आलं.

म्हणून म्हणतोय, पाच गट करा. दर गुरुवारी रात्री आठला कोणाच्या तरी घरी दीड तास. एक शास्त्रभाग, त्यावर बोलणं, एकमेकांसाठी प्रार्थना. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसला होता, तेव्हा सासऱ्याने, इथ्रोने, त्याला हेच सांगितलं की दहा-दहांवर नायक नेम. अर्धी कमिटी विरोधात आहे. बोला.

निवृत्त_पंच
बाळा, इथ्रोचं अर्धंच वाचलंस. निर्गम 18:21 मध्ये दहांचा नायक येण्याआधी त्याची लायकी येते. देवाचं भय बाळगणारे, सत्यप्रिय, लाचेचा तिटकारा असलेले. तू आधी दहा-दहांचे ढीग करतोस आणि नायक मागाहून शोधणार.

आमच्या वेळी हे झालंय. चार सेल ग्रुप, म्हणजे असेच घरोघरचे छोटे गट, काढले. एका गटाचा पुढारी बोलायला गोड, गिटार वाजवायचा. दोन वर्षांत तो तीन कुटुंबं घेऊन बाहेर पडला आणि भाड्याच्या हॉलमध्ये स्वतःची मंडळी काढली. त्या रविवारी उपासनेत रिकामे बाक मोजणारा मीच होतो. तरुण मुळात मोजके, त्यांचे आणखी तुकडे कशाला?

पेनी_पाकीट
काका, तुमचं दुःख खरं आहे, पण फूट गटामुळे पडली की त्या माणसाकडे दोन वर्षं कोणी लक्ष दिलं नाही म्हणून?

मी मेथडिस्ट घरातला, आमचा तर पायाच हा. आणि सुरुवात काही फार आध्यात्मिक नव्हती. 1742 साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला आमच्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या सभागृहावर कर्ज होतं. कोणीतरी सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि साधारण 12 जणांमागे एकाने ती गोळा करावी. गोळा करणारे दारोदार गेले तेव्हा कळलं, कोण दारू पितोय, कुठे नवराबायकोचं भांडण आहे. वेस्लींना वाटलं, हेच तर हवं होतं. त्यातून 'क्लास' नावाचे छोटे गट उभे राहिले. मुंबईत मिशनरी विल्यम टेलर 1871 मध्ये आले, त्यांनीही घराघरांत छोटे गट बांधले आणि मेथडिस्ट मंडळी त्यातून झाली.

निवृत्त_पंच
म्हणजे वर्गणीवाल्याने दारावर जावं. ते काम आमचे पंच, म्हणजे मंडळीचे कारभारी, करायचे. तुम्ही पंचांना हिशेबाच्या वह्यांत गुंतवून ठेवलंत, तो दोष गटांच्या अभावाचा नाही.

संडेस्कूल_ताई
दोघांनाही एक विचारते. गुरुवारी रात्री आठला कोणाच्या तरी फ्लॅटवर मुली कशा येणार, याचा विचार झालाय का? माझी मुलगी 17 ची आहे. चर्चच्या हॉलला मी डोळे मिटून पाठवते, कारण तिथे दहा ओळखीची माणसं असतात. अनोळखी घरात, 24 वर्षांचा 'लीडर', दार बंद... नाही पाठवणार. संशय नाही, पण व्यवस्था दाखवा आधी. मुलींचा गट वेगळा, घरात मोठं माणूस हजर, दार उघडं, वेळ संध्याकाळी सहाची. आणि लीडरने मुलीला रात्री अकराला 'तुझ्यासाठी प्रार्थना करतोय' असे मेसेज करायचे नाहीत.

तरीही मी गटांच्या बाजूने आहे. दक्षिण कोरियात सेऊलचे पास्टर योंगी चो 1964 मध्ये आजारी पडले, मंडळी एकट्याने सांभाळणं जमेना. पुरुष मागे सरले तेव्हा बायकांनी घरोघरचे गट चालवले. तुमच्या पाच लीडरांत किती मुली आहेत, दादा?

निवृत्त_पंच
चो यांना 2014 मध्ये मंडळीच्या पैशांच्या प्रकरणात कोर्टाने दोषी ठरवलं, तेही सांगावं ताईंनी. मुलींबद्दल बाकी सगळं मान्य.

संडेस्कूल_ताई
काका, त्या प्रकरणात गट चालवणाऱ्या बायका नव्हत्या.

दहा_बाय_बारा
बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. मी चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट फिरती. गुरुवार माझ्या वाट्याला महिन्यातून एकदा येतो. पण खरी गोष्ट ती नाही.

आम्ही चौघं एका खोलीत राहतो. पूर्वी ज्या मंडळीत जायचो तिथे घरोघरी गट होता. पहिल्या घरी चहा-बिस्किटं. दुसऱ्या घरी सामोसे. तिसऱ्या घरी पावभाजी, वर आइस्क्रीम. माझी पाळी जवळ आली आणि मी जायचं बंद केलं. कोणी विचारलं तर सांगायचो, शिफ्ट आहे. प्रेषितांच्या कृत्यांत 'घरोघरी भाकर मोडीत' हे वाचायला छान वाटतं, पण कोणाच्या घरी, हा प्रश्न हॉलवाल्या सोसायटीतल्या माणसाला पडत नाही. रविवारच्या हॉलमध्ये मी इतरांसारखाच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. तिथे माझं घर कोणाला दिसत नाही.

शिवाय घरमालक. दारात दहा जोड चपला आणि आतून गिटार, की दुसऱ्या दिवशी विचारणा होते, 'काय चालतं तुमच्याकडे?' आम्ही भाडेकरू, आम्हाला उत्तर द्यावं लागतं.

नगरचा_पोरगा
दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मनातल्या मनात जी पाच घरं धरली होती ती पाचही टू बीएचके आहेत. गप्प बसतो थोडा वेळ.

वसईचा_मोगरा
आमच्याकडे कॅथलिकांत वाडीवार लहान ख्रिस्ती समूह असतात. कागदावर सगळे त्यात. प्रत्यक्षात आमच्या वाडीत रोजरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, प्रार्थनेला आया-मावश्या, आणि तरुण कुठे? नाक्यावर. भूगोलावर गट पाडला की हेच होणार. पोरं मित्रांमागे येतात. आमचा क्रिकेटचा संघ हाच आमचा खरा समूह आहे. सामन्यानंतर नारळपाणी पीत जे बोलणं होतं ते कुठल्याच बैठकीत होत नाही. तिथेच एकाने बापाच्या दारूबद्दल सांगितलं होतं.

पेटीवाला
मोगरा, मनातलं बोललास. मला गटांचं वावडं नाही, परक्या साच्याचं आहे. परदेशातून छापील पुस्तिका येते, त्यात पहिल्या बैठकीत 'आइसब्रेकर' खेळ. आपल्या पोरांमध्ये बर्फ असतो कुठे? ती आधीच पाय ओढत असतात एकमेकांचे. आपल्याकडे भजनी मंडळ होतं. आठ-दहा जण, पेटी, तबला, टाळ. तालात चुकलं की शेजारचा कोपर मारणार, एक दिवस आला नाहीस तर टाळ कोणी वाजवायचे म्हणून घरी बोलावणं येणार. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' हा भक्तांचा समूह काढला, त्यात बाप्तिस्मा झालेल्यांसोबत न झालेल्यांनाही जागा होती. पुस्तिका न मागवता पोरांना टिळकांची पदं शिकवा.

पेनी_पाकीट
पेटीवाले, आजच्या पोराला टाळ दे, तो रील काढेल. आणि ज्याला सूर नाही त्याने काय करायचं?

पेटीवाला
सूर नसलेल्याला चहा करायला ठेवायचं. मी तिथूनच सुरुवात केली.

मागच्या_बाकावर
एक मुद्दा कोणीच काढला नाही. 'प्रार्थनेचा विषय' या नावाखाली होणारी चुगली. मी आमच्या गटात माझ्या डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल सांगितलं होतं. रविवारी उपासनेनंतर एका मावशीने माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, 'गोळ्या घेतेस ना वेळेवर?' मावशी त्या गटात नव्हत्या. तिचा हात मायेचाच होता, हे जास्त लागलं. त्यानंतर मी कुठल्याच गटात गेले नाही. 40 जणांत लपता येतं आणि मला सध्या लपायचंय. ते पाप आहे का?

संडेस्कूल_ताई
नाही गं. अजिबात नाही.

निवृत्त_पंच
मुली, ज्याने ते बाहेर नेलं त्याच्याकडे आमच्या काळी पाळकसाहेब स्वतः गेले असते. हे मी गटांच्या विरोधात वापरणार नाही.

पेनी_पाकीट
पण लपणाऱ्याचंही ऐका. प्रेषितांच्या कृत्यांतला युतुख आठवतोय? पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत होता आणि हा तरुण खिडकीत बसून पेंगत तिसऱ्या मजल्यावरून पडला. माडीवर सगळे जमलेले, दिवे पुष्कळ लागलेले, असं मुद्दाम लिहिलंय. पडेपर्यंत कोणी हात धरला नाही. नोकरी गेलेला तुमचा मुलगा खिडकीतच बसला होता.

मागच्या_बाकावर
दादा, त्याला धरायला शेजारी एक माणूस पुरला असता. आठ लागले नसते.

नगरचा_पोरगा
रात्रभर वाचलं. पाच गटांचा ठराव मागे घेतोय. नवीन असा: आधी सहा जण निवडायचे, तीन मुली, तीन मुलगे, आणि तीन महिने फक्त त्यांनीच भेटायचं. जागा चर्चची वेस्ट्री, म्हणजे पाळकसाहेबांची तयारीची खोली, कोणाचं घर नाही. खायला चहा आणि पार्ले-जी, त्यापलीकडे कोणी काही आणलं तर परत पाठवायचं. वार शिफ्टप्रमाणे बदलता. गटातलं बाहेर नेलं तर पुढारीपण गेलं. आणि ज्याला गटात यायचं नाही त्याला कोणी दोनदा विचारायचं नाही. काका, कमिटीत याला तरी हात वर कराल?

निवृत्त_पंच
नाही. तीन महिन्यांनी विचार. पण वेस्ट्रीची किल्ली माझ्याकडे असते, संध्याकाळी सहाला उघडून देईन आणि बाहेर पेपर वाचत बसेन. ताईंना मोठं माणूस हवं होतं ना.

दहा_बाय_बारा
पुढच्या आठवड्यात माझी पहिली शिफ्ट आहे. सहाला जमेल.