मदत हवी आहे: १०० सीसी गाडीचं अ‍ॅव्हरेज ६२ वरून ४७ वर. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) सोडून आणखी काय?

मंडळी, गाडी १०० सीसी, २०१८ ची, कार्बोरेटरवाली, रनिंग ६८ हजार. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर धागा 'कुठली गाडी भारी' कडे वळतो.

रोज सातारा-कोरेगाव, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. एकटाच असतो, पन्नास-पंचावन्नच्या वर पळवत नाही. पूर्वी ६२ च्या आसपास मिळायचं. दिवाळीनंतर उतरत उतरत ४७ वर आलंय. हिशेब अंदाजपंचे नाही. एकच पंप, गाडी डबल स्टँडला, टाकी गळ्यापर्यंत फुल्ल, मग तीनेकशे किलोमीटर फिरून परत तिथेच फुल्ल. तीन वेळा केलं: ३१० किमीला ६.६ लिटर, २९८ ला ६.२, ३०५ ला ६.५. महिन्याला पाच लिटर जास्त जातंय, म्हणजे पाचशे रुपये उगाच.

पहिला मेस्त्री म्हणाला, "ई-२० आहे, सगळ्यांचंच पडलंय." ते थोडं खरंच आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे २० टक्के मिसळलं तर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ६-७ टक्के घट. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात तर जुन्या दुचाकींना ३ ते ४ टक्केच फरक धरलाय. मी सातही टक्के सोडायला तयार आहे, तरी ५७-५८ मिळायला हवं. मधले दहा कोण खातंय?

दुसऱ्या गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच बोअर-पिस्टन (म्हणजे इंजिन खोलून सिलिंडर-पिस्टनचं काम) सांगितला. खर्च आठ हजार. धूर नाही, ऑइल कमी होत नाही, पिकअपही बरा आहे. फक्त गाडी पूर्वीसारखी सोडून दिली की पळत नाही. माहुलीच्या पुलाकडे उतरताना आधी गिअर काढून निवांत जायचो (माहितीये, चुकीची सवय आहे), आता लगेच दम तोडते. दिवाळीत सर्व्हिसिंगला ऑइल, मागचे ब्रेक लायनर आणि पुढचा टायर बदललाय. बोअरचं काम करू का?

प्रतिसाद: थांबा, आठ हजार खिशात ठेवा. स्पार्क प्लग काढून बघा. टोकाला ओलसर तेलकट काळं असेल तर ऑइल वर चढतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय: चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) पूर्ण बसत नाही, एअर फिल्टर चोंदलाय किंवा कार्बोरेटर बिघडलाय.

प्रतिसाद: इलेक्ट्रिक घ्या, विषय संपला.

प्रतिसाद: लायनर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं हे तुम्हीच लिहिलंय की राव! डबल स्टँड, न्यूट्रल, मागचं चाक हाताने फिरवा. चेनमुळे थोडं जड जाणारच, पण दोन-तीन फेरे तरी व्हायला हवेत. दुसरं म्हणजे ब्रेक न मारता चार-पाच किलोमीटर जाऊन मागच्या चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला हात लावा, बेताने. आणि टायर कुठला टाकलाय? मीटरची केबल पुढच्या चाकातून जाते, जाड टायर असेल तर मीटर कमी किलोमीटर मोजणार.

मूळ लेखक: आज रविवार सत्कारणी लागला. प्लग कोरडा काळा. मागचं चाक अर्धा फेरा घेऊन गप्प. ड्रमला हात लावला आणि झटकलाच, इतका तापलेला! चाक काढलं तर ब्रेकची कॅम (लायनर ड्रमवर दाबणारा फिरता दांडा) गंजून घट्ट, पायडल सोडलं तरी लायनर पूर्ण मागे येतच नव्हते. पॉलिश पेपरने घासून कॅमच्या दांड्याला थोडंसं ग्रीस लावलं (लायनरला लागू दिलं नाही), रॉडचा नट सैल करून पायडलला बोटभर प्ले ठेवला. चेनही फार ताणलेली होती, तीही नीट केली.

मूळ लेखक, दहा दिवसांनी: टाकी फुल्ल केली. ३०२ किमी, ५.५ लिटर, म्हणजे ५५. आणि टायरचं म्हणणं बरोबर निघालं. मूळ २.७५ चा होता, दुकानदाराने ३.०० चा बसवलाय. मोबाइलवर २० किलोमीटर होतात तेव्हा मीटर साडेएकोणीस दाखवतो. तो फरक धरला तर ५६ च्या वर. बोअरचं काम रद्द. प्लगची काजळी मात्र अजून आहे, एअर फिल्टर झटकून काही फरक पडला नाही. चोकचा खटका वर-खाली करताना सैल लागतो. तो घरी उघडावा की कार्बोरेटर सकट मेस्त्रीकडे न्यावा? कुणी स्वतः केलंय का?